बियाण्याच्या पेटीवरचा बाण



आज पिकाची नोंद नाही, पेटीची आहे. मागे ज्वारीच्या बियाण्याचा फोटो टाकला होता, तेव्हा बियाण्याखालची लाकडी पेटी बघून बऱ्याच जणांनी विचारलं होतं की ही कसली पेटी. मी सांगून मोकळा झालो होतो की पणजोबांनी बसऱ्याच्या लढाईवरून आणली. ते चुकीचं सांगितलं होतं. आज दुरुस्त करतो. लांबलचक आहे, बैलं सोडल्यावर निवांत वाचा.

पेटी मला कळतंय तेव्हापासून माळ्यावर आहे. लांबी सोळा इंच, उंची दहाच्या आत, आणि रुंदी मात्र बाहेरून साडेचार इंचसुद्धा नाही. एवढी लांब-उंच पेटी इतकी अरुंद कशाला केली असेल, हा प्रश्न लहानपणापासून पडायचा. वर बिजागरीचं झाकण, बसलं की टक् करून बसतं. दोन्ही अंगाला तांब्याचे रिव्हेट आहेत, त्यात कधीतरी चामड्याचा पट्टा होता, तो उंदरांनी खाल्ला. आई त्यात मालदांडीचं बी ठेवते, मधी मधी कडुनिंबाचा वाळला पाला. साडेपाच-सहा किलो बसतं. कोरडवाहू रब्बीला एकरी चार किलो धरलं तर एका एकराची पेर होऊन वर नांग्या भरायला उरतं.

गेल्या दिवाळीत जुन्या वस्तू घेणारा एक माणूस गावात आला. तांब्याचे हंडे, पितळी समया, जुनी कुलपं गोळा करत होता. पेटी बघितली आणि म्हणाला, "काका, ही जर्मन मशीनगनच्या गोळ्यांची पेटी आहे, साडेतीन हजार देतो." आपल्याकडं चांगल्या वस्तूला जर्मन म्हणायची खोडच आहे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यालासुद्धा आपण जर्मनचं पातेलं म्हणतो, त्यामुळं मी हसलो. पण मशीनगनच्या गोळ्यांची, हे त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं की मी पेटी दिली नाही. म्हणलं, आधी हिचं मूळ काढू.

आता आमच्या घरातली गोष्ट. पणजोबा मराठा पलटणीत होते, हे खरं आहे. त्यांचं पहिल्या महायुद्धाचं मेडल आईच्या ट्रंकेत आहे. ज्यांच्या घरी असं मेडल असेल त्यांनी त्याची कड बघा, कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पुढची बाजू सगळ्यांची सारखीच, माणूस ओळखायचा तो कडेवरून. आमच्या मेडलच्या कडेवर मराठा पलटणीचं नाव स्पष्ट आहे. त्या लढाईत मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, आपल्या भागातली हजारो पोरं गेली. सहावी पूना डिव्हिजन म्हणून जी होती, तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याला उतरून तैग्रीस नदीच्या काठानं त्या बगदादच्या रोखानं वर गेल्या, मागं फिरल्या आणि कुट-अल-अमारा इथं तुर्कांनी त्यांना कोंडलं. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा होता. घोडी, खेचरं मारून खायची वेळ आली आणि शेवटी सगळी फौज कैद झाली. अख्ख्या सातारा भागात "बसऱ्याला गेला" हा शब्दच लढाईला गेला या अर्थानं रूढ झाला, तो यामुळं.

म्हणून घरात पेटी बसऱ्याची, हे कुणालाच खोटं वाटलं नाही. आणि तो दुकानदार म्हणतो तसं ती जर्मन आणि आपण म्हणतो तशी बसऱ्याची, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या निघायलाही हरकत नव्हती. कारण तुर्कांकडं जर्मन बनावटीच्या मॅक्झिम मशीनगनी होत्या. पणजोबांनी तुर्काची पेटी लुटून आणली, असा हिशेब मनात जमला. मन हिशेब जमवायला लई हुशार असतं.

मशीनगन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पेटी कळणार नाही. १८८४ मध्ये हायरम मॅक्झिम नावाच्या, जन्मानं अमेरिकन माणसानं लंडनमध्ये अशी बंदूक केली की गोळी सुटताना जो मागं धक्का बसतो, त्याच धक्क्यावर रिकामं टरफल बाहेर पडून पुढची गोळी आपोआप आत बसते. घोडा दाबून धरला की चालूच. तिच्यात सुधारणा करून विकर्स कंपनीनं हलकी बंदूक केली, ती ब्रिटिश फौजेनं १९१२ मध्ये घेतली. मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या. एवढ्यानं नळी लाल होणार, म्हणून नळीभोवती पाण्याचं कवच असायचं, चार लिटरच्या आसपास पाणी मावणारं. पाणी उकळलं की वाफ रबरी नळीनं डब्यात सोडायची, तिथं तिचं पुन्हा पाणी व्हायचं. आपल्या जुन्या ऑइल इंजिनाला पाण्याची टाकी जोडतो ना, तीच तऱ्हा. बंदूक बारा-तेरा किलो, तिचं तिपाई स्टँड वीस किलोच्या आसपास, म्हणून एका बंदुकीमागं सहा माणसं. एकानं घोडा धरायचा, एकानं गोळ्या पुरवायच्या, बाकीच्यांनी वाहायचं.

गोळ्या पुरवायच्या त्या पट्ट्यातून. जाड सुती कापडाचा पट्टा, त्यात ओळीनं २५० काडतुसं खोचलेली. पट्टा घडीवर घडी घालून पेटीत बसवायचा, काडतुसं आडवी. इथं माझा लहानपणचा प्रश्न सुटला. पेटीची रुंदी ठरते ती काडतुसाच्या लांबीवरून. थ्री नॉट थ्रीचं काडतूस ७८ मिलिमीटर लांब, म्हणजे तीन इंचाला थोडं जास्त. आमच्या पेटीची आतली रुंदी साडेतीन इंचाला थोडी कमी भरली. पट्टा बरोबर मावतो, हलत नाही.

मोजपट्टीनं एवढंच सिद्ध झालं की ती रायफलच्या मापाच्या काडतुसाची पट्ट्याची पेटी आहे. कारण जर्मन काडतूस ८० मिलिमीटरच्या आसपास, अमेरिकन ८५ च्या आसपास, सगळीच तिच्यात मावतील. मोठ्या अर्धा इंची मशीनगनचं काडतूस १३८ मिलिमीटर, ते तेवढं बाद झालं. मग वजन केलं. रिकामी पेटी पावणेतीन किलो भरली. थ्री नॉट थ्रीचं एक काडतूस पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २५० ची सव्वासहा किलो. वर पट्ट्याचं किलोभर. एकूण दहा किलो. विकर्सच्या भरलेल्या पेटीचं वजन पुस्तकात २२ पौंड दिलंय, म्हणजे दहा किलोच. इथं मला पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर बांधावर आहोत.

पण माप जुळलं म्हणून सातबारा आपल्या नावावर होत नाही.

नंतर आमच्या सुताराला बोलावलं. त्यानं पेटी उलटी केली, तळाच्या कोपऱ्यात चाकूनं जरा खरवडलं, वास घेतला आणि म्हणाला, "आण्णा, साग हाय. आपल्या हिकडचा." कोपऱ्याचे सांधे बोटात बोट अडकवल्यासारखे, खिळ्याशिवाय. युरोप-अमेरिकेतल्या असल्या पेट्या बहुतेक तिकडच्या लाकडाच्या, पाईन वगैरे हलक्या जातीच्या. मला सुताराआधीच एक गोष्ट सुचायला पाहिजे होती. आमच्या माळ्यावर वाळवीनं दोन वेळा वासे खाल्ले, देवदारी खोकी भुगा करून टाकली. ही पेटी तिथंच होती आणि तिला चट्टासुद्धा नाही. परदेशी हलकं लाकूड असतं तर आम्ही बी कधीच मातीत गोळा केलं असतं.

साग म्हणल्यावर जर्मन गेली. जर्मन पेट्यांवर जर्मन अक्षरं आणि शिक्के असतात, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या पट्ट्याच्या पेट्या पत्र्याच्याच होत्या. अमेरिकन पेटीवर ठळक इंग्रजी अक्षरात मापाचा आकडा रंगवलेला असतो. आमच्या पेटीवर यातलं काहीच नाही. तरी दुकानदारानं जर्मन का म्हणलं? जर्मन म्हणलं की गिऱ्हाईक जास्त देतं. पुण्याच्या जुन्या बाजारात एकदा चक्कर मारून या, तिथं युद्धातली प्रत्येक वस्तू जर्मन असते.

शेवटचा पुरावा रंगाखाली होता. पेटीवर हिरवा ऑइलपेंट आहे, तो आमच्या चुलत्यांनी बैलगाडी रंगवताना उरलेला फासलेला. मी दाराच्या कडीजवळचा रंग रॉकेलच्या फडक्यानं हळूहळू पुसला. (पॉलिश पेपर मारू नका, खुणा जातात. मी एका बाजूला मारला आणि पस्तावलो.) खाली खाकी रंग निघाला. बिजागरीच्या पत्र्यावर बारीक ठसा निघाला, कावळ्याच्या पायासारखा तीन फाट्यांचा बाण, त्याच्या वर इंग्रजी आय अक्षर. आणि खाली १९४३.

बाजूच्या गावात एक निवृत्त सुभेदार आहेत, त्यांना फोटो दाखवला. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. नुसता तीन फाट्यांचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण, शेकडो वर्षं चालत आलेली. त्याच्यावर आय असला की हिंदुस्थान सरकारचा माल. इंग्रजांच्या काळात फौजेच्या रायफली, संगिनी, पाण्याच्या बाटल्या, पेट्या, सगळ्यांवर हा आय-बाण मारलेला सापडतो. म्हणजे पेटी हिंदुस्थानी फौजेची, १९४३ ची. पणजोबा १९१९ ला घरी आले होते. चोवीस वर्षांनी तयार झालेली पेटी त्यांनी आणली कशी?

तसंही, आता विचार केला तर, पहिल्या लढाईत आपल्या पलटणींकडं मशीनगनच दोन-दोन होत्या, त्याही बहुतेक जुन्या मॅक्झिम. आणि कुटला जो अडकला होता तो स्वतःची हाडं घेऊन परत आला तरी पुष्कळ, तो पेटी कुठली आणतोय. पण चाळीस-पन्नास वर्षांत घरात हा हिशेब कुणी केला नाही. मीही केला नाही.

मग पेटी आली कुठून? पहिला अंदाज, डिस्पोजलचा माल. दुसरं महायुद्ध संपल्यावर सरकारकडं सामानाचे डोंगर शिल्लक होते, ते लिलावानं विकले. जुन्या माणसांच्या तोंडी "डिस्पोजलचा कोट", "डिस्पोजलची ट्रक" हे शब्द अजून येतात. देहूरोड, खडकी बाजूला फौजेचे मोठे डेपो, तिथून असल्या पेट्या बाजारात आल्या असतील, असं सुभेदार म्हणाले. मी ते मान्य करून इथं लिहिणारच होतो. पण त्यांनीच जाता जाता विचारलं, "आतून बघितली का? शिपाई आतून काहीतरी खरडतात."

आतून कधी कुणी बघितली नव्हती, कारण आत कायम बी. सगळं बी सुपात ओतलं, बॅटरी लावली. झाकणाच्या आतल्या अंगाला, खिळ्यानं कोरलेलं, बोटानं चाचपलं तरच कळेल असं एक चित्र निघालं. एक खांब, खाली रुंद वर निमुळता, आणि त्याच्यावर फुली मारल्यासारख्या दोन बंदुका. बंदुकांच्या नळ्या जाड, पाण्याच्या कवचाच्या. खाली देवनागरीत तीन आकडे आणि एक अक्षर, ते झिजलंय.

मी सुभेदारांना पुन्हा फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, "ही महार मशीनगन रेजिमेंटची खूण आहे. खांब कोरेगावचा."

इथं मला थांबून इतिहास वाचावा लागला, तो तुम्हालाही सांगतो, कारण आपल्या मातीतला असून आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नाही. मला तरी नव्हता.

महार शिपाई कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत फार जुने. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा जो स्तंभ भीमा नदीकाठी आहे, त्याच्यावर त्यांची नावं कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, बाबासाहेबांचा जन्मच १८९१ ला महूच्या छावणीत झाला. (रामजी सुभेदार निवृत्तीनंतर आपल्या खटाव तालुक्यात सरकारी तलावाच्या कामावर रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम द्यायला तो तलाव काढला होता. माणदेशाला दुष्काळ आणि तलाव नवीन नाहीत.) पण १८९० नंतर इंग्रजांनी डोक्यात घेतलं की काही जाती लढाऊ आणि काही नाहीत, आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांची नावं स्तंभावर, त्यांना शिपाई म्हणून घेईनात. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, त्यांनी अर्ज केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेला अर्ज पाठवला. पहिल्या लढाईत माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ ला १११ महार पलटण उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय.

१९४१ ला दुसरं महायुद्ध पेटलेलं. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक समितीवर होते, त्यांनी जोर लावला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ. पहिली आणि तिसरी पलटण वायव्य सरहद्दीवर होती, दुसरी ब्रह्मदेशाच्या लढाईला गेली आणि लढाई संपल्यावर इराकलाही राहून आली. इराकमध्ये जहाजातून उतरायचं बंदर कुठलं, ते वर सांगितलंय.

ऑक्टोबर १९४६ मध्ये या रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट केलं. सगळ्यांच्या हातात विकर्स. तेव्हा बिल्ला बदलला, स्तंभावर दोन विकर्स बंदुका फुलीसारख्या आल्या. पुढं स्तंभाच्या जागी खंजीर आला, बंदुका आजही आहेत. १९४७ ला फाळणीच्या वेळी पंजाबात निर्वासितांचे जथे सुखरूप नेण्याच्या कामावर या पलटणी होत्या, आणि लगेच जम्मू-काश्मीरच्या लढाईत त्यांच्या मशीनगनच्या तुकड्या इतर पलटणींना जोडून दिल्या. म्हणून त्यांचं नाव एका ठिकाणी मोठ्या अक्षरात सापडत नाही, थोडं थोडं सगळीकडं सापडतं. साठीच्या दशकात मशीनगनचं काम संपून ती पुन्हा साधी पायदळ रेजिमेंट झाली. ब्रिटिश फौजेनंही १९६८ ला विकर्सला निरोप दिला.

तर झाकणाच्या आतलं चित्र १९४६ च्या ऑक्टोबरनंतरचं. पेटी १९४३ ला तयार झाली आणि नंतर कधीतरी महार मशीनगनच्या जवानाच्या हातात होती. डिस्पोजलमधून आमच्याकडं आली असती तर हे चित्र त्याच्यात कसं? आणि आमच्या घरात त्या रेजिमेंटला कुणीच नव्हतं.

पण गावात होतं. बौद्धवस्तीतले हवालदार. त्यांचं खरं नाव आमच्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत असेल, सगळं गाव हवालदारच म्हणायचं. मी शाळेत असताना वारले. ताठ चालायचे, दाढी रोज करायचे, एवढं आठवतं. आणि हेही आठवतं की पारावर बसले की बसऱ्याच्या गोष्टी सांगायचे. खजुराच्या बागा, पाण्याच्या पातळीला लागलेली रानं, मीठ फुटलेल्या जमिनी. आम्ही पोरं लांब बसून ऐकायचो. घरी येऊन बसरा म्हणलं की आजी म्हणायची, तुझा पणजाबी बसऱ्याला गेला होता. दोन बसऱ्यांचा काला कधी झाला ते कळलंच नाही.

हवालदारांच्या मालकीण अजून आहेत. नव्वदीच्या पुढं गेल्यात, कानानं कमी, डोकं साफ. मी पेटी पिशवीत घालून त्यांच्याकडं गेलो. पिशवीतून काढली तशी त्या म्हणाल्या, "आली का ही?"

मी म्हणलं, "आज्जी, तुम्ही वळखता हिला?"

"वळखीन न्हाई तर. कामठीला कंडम माल निघाला, त्यातली दीड रुपायाला घेतली ह्यांनी. माझ्या लग्नातली चोळी-बांगडी हिच्यात असायची."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण नाहीतर नोंदीला अर्थ नाही. बहात्तरचा दुष्काळ. हवालदारांना पेन्शन होती, पण पैशाला ज्वारी मिळत नव्हती. मिळाला तर रेशनचा लाल मिलो, तोही पुरत नव्हता. सगळी वस्ती खडी फोडायला जात होती, सुकडी खात होती. आमच्या घरी पेवात जुनी ज्वारी होती. हवालदार आमच्या आजोबांकडं आले. आजोबांनी दहा पायल्या ज्वारी घातली, सवाईनं, आणि तारण म्हणून पेटी ठेवून घेतली. हवालदार ओट्याच्या खाली उभे होते, हेही आजीनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"सवाईनं फेडली," त्या म्हणाल्या. "त्र्याहत्तरला पाऊस झाला, चौऱ्याहत्तरच्या सुगीला साडेबारा पायल्या मोजून घातल्या. मी सवता डोक्यावर न्हेली. पेटी मागितली तर तुझी आजी म्हणली, बी भरलंय हिच्यात, पेरा झाल्यावर न्या."

"मग नेली का न्हाई?"

"हे दोनदा मागणारं माणूस न्हवतं."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई लग्न होऊन आली ती नंतर, तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, माझ्या सासूनं मला पेटी दाखवली तेव्हा एवढंच म्हणली होती, ही नीट ठेव, लोकांची आहे. आईला वाटलं, सरकारची म्हणतात.

आजोबा माझे लाडके होते. दुष्काळात पेव उघडून त्यांनी निम्म्या गावाला ज्वारी घातली, हे आम्ही अभिमानानं सांगत आलोय, आणि ते खरंही आहे. सवाई घेतली हे कुणी सांगत नाही. तेव्हा सगळेच सवाई-दिडी घेत होते, हे खरं. पण फेडल्यावर तारण परत करायचं, हाही तेव्हाचाच नियम होता.

हवालदारांचा नातू तालुक्याच्या गावी नोकरीला आहे, गावात दीड एकर कोरडवाहू आहे त्याची, माळाच्या खाली. भाद्रपदात गणपतीला तो आला तेव्हा मी आणि आई पेटी घेऊन गेलो. मी रंग काढून, तेल लावून, बिजागरी साफ करून नेली होती. आकडे त्याला दाखवले. त्यानं मोबाईलवर आजोबांच्या पेन्शनच्या जुन्या कागदाचा फोटो काढून ठेवलेला होता, तो उघडला. पेटीतले तीन आकडे त्यांच्या फौजेतल्या नंबरचे शेवटचे तीन. अक्षर त्यांच्या नावाचं पहिलं.

आजीनं पेटी मांडीवर घेतली, झाकण दोनदा लावलं, दोनदा उघडलं. टक् असा आवाज येतो तो. कानानं कमी असल्यामुळं त्यांना ऐकू गेला का माहीत नाही, बोटांना कळला असेल.

ज्यांच्या घरी असली काही पेटी असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. दोरीचे कान असलेली लांबट जड लाकडी पेटी असेल तर ती बहुतेक रायफलच्या काडतुसांची, पट्ट्याची नव्हे. लोक तिलाच मशीनगनची म्हणून विकतात. पट्ट्याची पेटी नेहमी अरुंद असणार आणि आत पत्र्याचे कप्पे नसणार. ब्रेनगनची पेटी वेगळी, ती पत्र्याची, तिच्यात वाकड्या मॅगझिन बारा बसतात. बिजागरी, कडी, रिव्हेट यांच्यावर ठसा शोधा, लाकडावरचा रंग उडतो पण पत्र्यावरचा ठसा राहतो. आणि माळ्यावर चुकून जुनं भरलेलं काडतूस सापडलं तर हात न लावता पोलीस पाटलाला सांगा, तापवून-ठोकून बघू नका. पोरांना आधी लांब करा.

एक शंका कृषीवाले मित्र विचारतील म्हणून लिहितो. एवढी वर्षं त्या पेटीतलं बी चांगलं का उगवायचं? कापडी पट्टा ओला झाला की आकसतो, काडतूस अडकतं, आणि ऐन लढाईत बंदूक बंद पडते. म्हणून पेटीचं झाकण घट्ट, सांधे घट्ट. दमट हवा आत शिरू नये हाच तिचा धंदा, मग आत गोळी असो नाहीतर ज्वारी. बी उन्हात नीट वाळवून भरलं की झालं. मी आता बियाण्याला झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घेतलीय, त्यात कसं राहतंय ते पुढच्या वर्षी कळवतो.

पेटी दिली तेव्हा आत मालदांडीचं बी तसंच होतं. मी ओतून घ्यायला पिशवी नेली होती. आईनं ओतू दिलं नाही. नातवानं हस्ताच्या पावसावर त्याच्या रानात पेरलं, पाभर आमचीच, अठरा इंची. काल बघून आलो. उगवण चांगली आहे, खालच्या अंगाला पाणी साचलं होतं तिथं चार-पाच ओळी विरळ आहेत. नांग्या भरायला पेटीत बी शिल्लक आहे म्हणाला.